बंदिवान राजाचा सुवर्णफ्रँक

इ. स. १३५६ मध्ये प्वातिएच्या रणांगणात इंग्रजांच्या हाती सापडलेला फ्रान्सचा राजा दुसरा जाँ, तीस लक्ष सुवर्ण एक्यूंची खंडणी कबूल करून १३६० साली मायदेशी परतला, तेव्हा वारंवार कस घटविल्यामुळे रयतेच्या मनातून उतरलेल्या चलनाची पत सावरण्यासाठी त्याने त्याच वर्षीच्या डिसेंबरात नव्या नाण्याचे फर्मान काढले. सुमारे ३.८८ ग्रॅम वजनाच्या, जवळजवळ शुद्ध सोन्याच्या या फ्रँकवर चिलखत ल्यालेला राजा तलवार उगारून भरधाव अश्वावर आरूढ आहे. त्याची किंमत वीस सू, म्हणजे एक लिव्र, ठरल्याने जमाखर्चातील अमूर्त परिमाण मुठीत आले. खंडणीच्या हमीपोटी ओलीस ठेवलेला पुत्र पळून गेल्यावर वचनाला जागून जाँ स्वतः लंडनला परतला आणि १३६४ मध्ये तेथेच निवर्तला. खंडणी पूर्णपणे कधीच फिटली नाही.