वळलेली नखे

आमच्या आळीतील एका दोन खोल्यांच्या घरातून पूर्वी अहोरात्र ऐकू येणारे कुत्र्यांचे भुंकणे गेल्या वर्षभरात मंदावत मंदावत अखेर थांबले, आणि त्या शांततेनेच मी इतका अस्वस्थ झालो होतो की, दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने तेथे पंचनामा व्हावयाचा ठरला तेव्हा पंच होण्यास मी तत्काळ रुकार दिला.

दार उघडताच मूत्राचा असा डोळे झोंबविणारा दर्प आला की फौजदारांनीही रुमाल नाकाशी धरला. मोजणी झाली: कुत्री 23. उंबऱ्यात उभी असलेली वृद्ध मालकीण पुनःपुन्हा एवढेच म्हणत होती, "मी उचलून आणली नसती, तर रस्त्यावर मेली असती हो." ते असत्य नव्हते.

जनावरांच्या दवाखान्याचा परिचर मात्र ओल्या फरशीवरच मांडी घालून बसला होता. त्याने एका करड्या कुत्रीचा पंजा हाती घेतला. चालणेच न घडल्यामुळे तिची नखे झिजली नव्हती. ती वर्तुळाकार वळून तळव्याच्या मांसात रुतली होती. "हिला चालाया जागाच नव्हती, साहेब," एवढे बोलून तो एकेक नख हलक्या हाताने कापू लागला.

जनावरास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 अन्वये क्रूरताच. परंतु हा गुन्हा अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावाचून पोलिसांस तपास करता येत नाही, आणि पहिल्या अपराधास दंड 10 ते 50 रुपये. फौजदारांनी हा आकडा सांगताच परिचराची कात्री थांबली. "धा रुपये?" त्याने विचारले. "10 ते 50." शिक्षा वाढवावी, अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली संसदेकडे व्यक्त केली होती. मजसमोर मात्र ती नखे आणि तो 10 चा आकडा आजही एकत्रच उभे राहतात.

तथापि त्या एकाकी बाईस जबर दंड करून काय साधणार? तिला उपचार हवेत, आणि तिच्या हाती पुन्हा जनावर जाऊ नये. कलम 29 अन्वये न्यायालयास तशी मनाई करता येते, पण ती दोष सिद्ध झाल्यावरच. तोवर हाती उरतो तो शेजाऱ्याने दंडाधिकाऱ्यांकडे करावयाचा अर्ज. आमच्या आळीने तो करावयास वर्ष लावले. आपल्या शेजारचे भुंकणे असे मंदावू लागले, तर वाचकांनी तेवढा विलंब करू नये.