न्हावाशेव्याचा धक्का कुणाला जवळ?

मुंबई गोदीवरचा भार हलका करायला उरणच्या खाडीकाठी न्हावाशेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर बांधलं. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झालं. दोनच वर्षांत देशाने आयात-निर्यातीची कवाडं उघडली आणि या जोडबंदराचं नशीब पालटलं. १९९९मध्ये देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल इथेच चालू झालं. आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांत न्हावाशेव्याची गणना होते.

याचा फायदा नाशिकच्या द्राक्षाने पुरेपूर उचलला. निर्यातीची बाग आधी नोंदवायची, औषधांचे अंश प्रयोगशाळेत तपासून घ्यायचे. मग काढणी, पॅकहाऊसमध्ये प्रतवारी, पेटीत बुरशी रोखणारा गंधकाचा कागद, प्रीकूलिंग आणि शेवटी शून्य अंशाच्या आसपास चालणारा रीफर कंटेनर. कसारा घाट उतरून तो बंदराच्या यार्डात आला की त्याला विजेचा प्लग जोडतात. रॉटरडॅमपर्यंत मणी कडक आणि देठ हिरवा राहिला, तरच भाव. पॅकहाऊस आणि प्रीकूलिंगची सोय नाशिक जिल्ह्यातच उभी राहिली.

लातूरच्या सोयाबीनशी हेच बंदर उलटं वागतं. इथल्या द्रवमालाच्या धक्क्यावर बाहेरचं खाद्यतेल उतरतं आणि ते स्वस्त पडलं की सोयाबीनच्या भावावर दाब येतो. कच्च्या पामतेलावरचं मूळ आयातशुल्क सप्टेंबर २०२४मध्ये शून्यावरून २० टक्के झालं, मे २०२५मध्ये १०वर आलं. अशा प्रत्येक फेरबदलाकडे लातूरच्या आडतीला डोळे लावून बसावं लागतं.

प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४मध्ये जिल्ह्यांच्या विकासाचा अनुशेष मोजला तो सिंचन, रस्ते, वीज यांच्या हिशेबाने. तेव्हा हे बंदर सुरूही झालं नव्हतं. खुल्या व्यापाराने आणलेल्या अंतराचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तो नुसत्या किलोमीटरचाही नाही. बंदराला खेटून असलेल्या उरणच्या कोळ्यांची खाडीतली मासेमारी आक्रसली, गावं प्रकल्पग्रस्त झाली.

जालना आणि वर्ध्याजवळच्या सिंदीला ड्राय पोर्टची आखणी झाली, ती कंटेनर गावाजवळ भरला जावा म्हणून. तेवढ्याने काम निम्मंच होईल. कंटेनरात घालायला कच्च्या मालाऐवजी तयार माल हवा. त्यासाठी प्रयोगशाळा, शीतगृह, प्रक्रिया उद्योग आणि वेळेवर कर्ज मराठवाडा-विदर्भात उभं राहायला हवं. ड्राय पोर्टला जोडणारे रूळ दोन्ही दिशांना जातात. नाहीतर बाहेरचा स्वस्त माल त्यांवरूनच आत येईल.