ऐच्छिक कामांच्या यादीतलं नाट्यगृह

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. छप्पर कोसळलं, रंगमंच गेला, खुर्च्यांचा कोळसा झाला. मागच्या खासबाग कुस्ती मैदानाकडचं व्यासपीठही आगीतून वाचलं नाही. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. अभिवादनासाठी आलेले रंगकर्मी काळवंडलेल्या भिंतींसमोर उभे राहून रडले. वास्तू होती तशी पुन्हा उभी करण्याची घोषणा सरकारने तातडीने केली, निधीही जाहीर झाला. तो मिळायलाच हवा होता. पण नाट्यगृह बांधायला पैसा मिळणं आणि ते वर्षानुवर्षं नीट चालवायची सोय होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मध्यम शहरांत पहिलीची तरतूद होते आणि दुसरी कुणाच्याच टेबलावर नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

या वास्तूचा जन्म आठवला की फरक कळतो. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, तेव्हा त्यांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं. परतल्यावर खासबागेत कुस्तीचं मैदान झालं आणि त्याला लागूनच १९१३ मध्ये ‘पॅलेस थिएटर’चं काम सुरू झालं. ऑक्टोबर १९१५ मध्ये ते खुलं झालं. एका भिंतीच्या अलीकडे लाल माती, पलीकडे संगीत नाटक. पेठेतला जो माणूस कुस्तीला यायचा, त्याच्या रोजच्या वाटेवर नाटक आणून ठेवलं होतं.

महाराजांचं काम इमारतीवर थांबलं नव्हतं. अल्लादिया खाँसाहेब दरबारी गवई म्हणून कोल्हापुरात होते, त्यामुळे जयपूर-अत्रौली गायकी या गावात रुजली. नाटक मंडळ्यांना पडदे लागत, ते रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू इथलेच. पडदे रंगवता रंगवता दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी कॅमेरा घडवला आणि १९१७ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवलाची अडचण आली तेव्हा पैसे दिले तानीबाई कागलकर यांनी. त्या खाँसाहेबांच्या शिष्या. दरबाराने गवई सांभाळला, गवयाने गायिका घडवली आणि त्या गायिकेने सिनेमा उभा केला. ही साखळी कुणी कागदावर आखली नव्हती, पण आश्रय सलग आणि अनेक कलांना मिळाला म्हणूनच ती जुळली. पुढे याच कंपनीत तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल यांनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. गाव कलावंत घडवतं, पण त्यांना धरून ठेवायला घडवण्याहून जास्त बळ लागतं.

ज्यांचं नाव आज वास्तूला आहे ते गायक-नट केशवराव कोल्हापुरातच १८९० मध्ये जन्मले. १९०८ मध्ये हुबळीला त्यांनी ललितकलादर्श मंडळी स्थापन केली. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर त्यांनी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केलं आणि त्याच ऑक्टोबरात ते गेले. वय अवघं एकतीस.

१ मार्च १९४९ रोजी करवीर संस्थान विलीन झालं. आश्रयदाता गेला. नगरपालिका इथे १८५४ पासून होतीच, डिसेंबर १९७२ मध्ये तिची महानगरपालिका झाली आणि नाट्यगृह आज तिच्याकडे आहे. खरा पेच इथे आहे. महानगरपालिका अधिनियमात कामांच्या दोन याद्या आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं: पाणी, गटारं, दिवाबत्ती, रस्ते, सफाई. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं. सार्वजनिक ठिकाणचं संगीत, करमणूक, नाट्यगृहं ही दुसऱ्या यादीत येतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बारावी अनुसूची लागू झाली. तिच्यातल्या अठरा विषयांत सांस्कृतिक अंगाच्या संवर्धनाचा विषय तेरावा आहे. म्हणजे राज्यघटनेने हे काम शहराचं मानलं. पण पाणीपट्टी थकलेली, पगाराची ओढाताण चाललेली, अशा वेळी ऐच्छिक रकमेला कात्री पहिली लागते. लेखाधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढची यादीच तशी आहे.

त्यात आणखी भर. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, तिथून पुढे काही वर्षं प्रशासकाची राजवट होती. एरवी आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, मग ते सर्वसाधारण सभेत जातं, नगरसेवक त्यावर भांडतात, क्वचित एखादा नाट्यगृहाच्या पंख्यांबद्दलही बोलतो. प्रशासकाच्या काळात मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. नाट्यगृह जळालं त्या रात्री शहरात जाब विचारायला एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता.

चालवणं म्हणजे नेमकं काय, हे हौशी संघाच्या नजरेतून पाहावं. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत कोल्हापूर हे एक केंद्र. स्पर्धेत उतरणारी मंडळी बँकेत, शाळेत, कारखान्यात, दुकानात कामाला. तालमी रात्री, कुणाच्या तरी शाळेच्या वर्गात, बाकं बाजूला सारून. प्रयोगाच्या दिवशी नेपथ्य टेम्पोतून येतं. ते उतरवून ठोकायचं, दिवे बांधायचे, ध्वनी तपासायचा, रंगभूषा उरकायची, आणि तिसरी घंटा वेळेवर द्यायची. या सगळ्यात नाट्यगृहाचा माणूस लागतो. कुठला दिवा कुठल्या डिमरवर आहे, कुठला बार अडतो, मुख्य स्विच कुठे आहे, हे ठाऊक असलेला माणूस. अनेक शहरांत ही जागा कंत्राटावर असते, व्यवस्थापक दुसऱ्या खात्यातून आलेला असतो आणि रुळेपर्यंत त्याची बदली होते. वायरिंगची तपासणी, अग्निशमनाची यंत्रणा, रंगमंचामागे साठलेलं जुनं सामान हलवणं ही याच माणसाची कामं. त्यांना उद्घाटनाची फीत नसते, म्हणून त्यांच्यासाठी पैसा मागायला कुणी पुढे येत नाही. केशवराव भोसले नाट्यगृहाचं मोठं नूतनीकरण शताब्दीच्या सुमारास झालं होतं. आगीपर्यंत दहा वर्षंही नीट सरली नव्हती.

तारखांचंही तसंच. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांना हवे असतात, लग्नसराई सोडून उरलेल्या दिवसांत संमेलनं, मेळावे, सत्कार. गावातल्या नव्या संघाला मधल्या वारी रात्रीची तारीख मिळते, भाडं मात्र परवडायला हवं. हौशी प्रयोगाला, बालनाट्याला, शाहिरीला आणि शास्त्रीय गायनाला वर्षातल्या ठरावीक तारखा सवलतीच्या दरात राखून ठेवणं याला धोरण म्हणतात. त्याला नवी इमारत लागत नाही, एक ठराव लागतो.

शेजारच्या सांगलीत वेगळी रीत आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये तिथे ‘सीतास्वयंवर’ केलं, पाठीशी चिंतामणराव पटवर्धन होते. आज तिथलं भावे नाट्यमंदिर अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिती सांभाळते आणि ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, भावे गौरवपदक देते. समितीच्या कारभारातही अडचणी असतील, पण नाटकाशी नातं असलेली माणसं तिथे जबाबदार आहेत आणि सांगलीकराला कुणाकडे जायचं ते ठाऊक आहे. कोल्हापूरने महापालिकेची मालकी ठेवून रंगकर्मी, गायक, तंत्रज्ञ यांची अशी समिती नेमावी. तिला तारखा, भाडं आणि देखभालीचा स्वतंत्र निधी यांवर अधिकार द्यावा. नाट्यगृहाचं उत्पन्न त्याच निधीत जमा व्हावं.

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या शहराचं अंदाजपत्रक प्रसिद्ध होतं. तुम्ही कोल्हापूरचे असा, लातूरचे असा वा रत्नागिरीचे, यंदा ते मागवून घ्या. नाट्यगृहाच्या बांधकामाची रक्कम बाजूला ठेवा आणि देखभाल-दुरुस्तीपुढे किती लिहिलंय ते वाचा. आकडा नसेल, तर आपल्या नगरसेवकाला पत्र लिहा.