मुधोळच्या कुत्र्याचा दम

घटप्रभेच्या काठचे मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेले. संस्थान गेले, तरी त्याचे नाव एका कुत्र्याने सर्वतोमुखी ठेवले आहे. मालोजीराव घोरपडे यांनी आसपासच्या बेरडांपाशी असलेल्या या चपळ जातीकडे लक्ष पुरविले, तिची निगुतीने जोपासना केली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली, असा तिचा इतिहास सांगतात. सोलापूर-लातूरकडे याच कुळीला कारवानी म्हणतात. २००५ साली टपालखात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले, २०१६ साली काही पिले शिक्षणासाठी मेरठच्या लष्करी केंद्रात गेली आणि २०२० साली पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात त्याचा उल्लेख केला. मग काय विचारता! ज्यांच्या दारी कधी मांजर नव्हते त्यांनाही मुधोळचे पिलू हवेसे झाले.

पिलू आणणे सोपे. ते ज्या धावण्यासाठी जन्मले ते धावणे त्याच्या अंगी कसे मुरवावे, याचा विचार मात्र फार थोड्या घरांत होतो. आमच्या सीमाभागात हल्ली एक दृश्य वारंवार दिसते. मोटारसायकलवर चिरंजीव, हातात दोरी, आणि मागे जीभ लोंबवीत डांबरी सडकेवर फरफटत येणारे कुत्रे. चिरंजीवांच्या मते ही मेहनत. आमच्या मते हा त्या मुक्या जिवाचा छळ आहे, आणि उन्हाळ्यात तर प्राणघातक छळ.

पहिली गोष्ट, हे कुत्रे कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखले पाहिजे. अमेरिकेत सशामागे सोडतात ते बीगल कुत्रे नाकाने माग काढते. ते बुटके, लांब कानांचे, मंद पण चिवट. वासाच्या रेषेवर ओरडत तास-तासभर पळते. आपले मुधोळ डोळ्यांनी शिकार पाहते आणि एकदम झेप घेते. चौखूर धावताना प्रत्येक ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात. त्याची खरी दौड काही मिनिटांतच आटोपते. परंतु त्या अवधीत शरीरातील उष्णता भराभर चढते. म्हणून बीगलला लांब पल्ल्याची मेहनत हवी, तर मुधोळला पायाभरणी म्हणून लांब चाल आणि त्यावर मोजक्या, आखूड दौडी.

शिकारीचे म्हणाल तर तो अध्याय संपला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातला काळ्या मानेचा ससा संरक्षित आहे. कुत्रे सोडून त्याला मारणे हा गुन्हाच. धावण्याची हौस भागवायला सशाची गरजही नाही. सायकलच्या जुन्या चाकावर दोरी गुंडाळून तिच्या टोकाला कापडाची चिंधी बांधावी आणि मोकळ्या रानात ती झपाट्याने ओढावी. मुधोळ तिच्यामागे तितक्याच आवेशाने धावते.

वयाचा नियम कडक पाळावा. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत हाडांच्या टोकांशी वाढीचे कोवळे थर असतात. त्या वयात पिलाने आपल्या मर्जीने हुंदडावे, थकले की बसावे; दोरीला बांधून पळवणे नको. पुढे पहिले तीन-चार आठवडे नुसते चालणे व दुडकी चाल, वीस मिनिटांपासून आरंभ करून हळूहळू पाऊण तासापर्यंत. वाट मातीची असावी. डांबराने पंजाच्या गाद्या सोलवटतात. यानंतर आठवड्यातून दोन दिवस दौडी घ्याव्यात, आरंभी दोन-तीनच, आणि प्रत्येकीनंतर श्वास पूर्ववत होईतो थांबावे. दौडीच्या दुसऱ्या दिवशी नुसता फेरफटका, आणि आठवड्यात एक दिवस संपूर्ण विश्रांती. हृदय व स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायूबंध आणि हाडे यांना महिने लागतात. कुत्रे उत्साहाने उड्या मारते म्हणून मेहनत दुप्पट केली की लंगडणे आलेच.

दम वाढतो आहे की नाही, हे ओळखायचे कसे? कुत्रे शांत झोपले असता मांडीच्या आतल्या बाजूची नाडी मोजून ठेवावी, आणि दौडीनंतर ती मूळपदावर यायला किती मिनिटे लागतात ते वहीत टिपावे. तीच दौड, तेवढेच अंतर, आणि मिनिटे कमी होत गेली तर मेहनत लागू पडते आहे. उलट, चांगले पळणारे कुत्रे अकस्मात लवकर थकू लागले तर त्याला आळशी म्हणू नये. हिरड्या पाहाव्यात. फिकट असतील तर गोचीडतापाचा किंवा जंतांचा संशय घेऊन रक्त तपासून घ्यावे. पावसाळ्यानंतर आमच्या भागात हे फारच आढळते.

आता उन्हाविषयी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याची उष्णता मुख्यतः धापेवाटे जाते, आणि हवा दमट असली की तीही नीट जात नाही. एरवी त्याच्या शरीराचे उष्णतामान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या वर गेले की मेंदू, आतडी, मूत्रपिंडे यांना इजा होऊ लागते. शिवाय चिंधी दिसली की मुधोळ आपण होऊन थांबत नाही; थांबवायचे धन्याने. जीभ रुंद होऊन टोकाला पळीसारखी वळली, लाळ चिकट झाली, पाय लडखडले की दौड तत्क्षणी बंद करावी. सावलीत नेऊन सर्वांगावर भरपूर पाणी ओतावे आणि वारा घालावा. ओले पोते अंगावर पांघरून ठेवण्याची रीत चुकीची आहे. त्याखाली उष्णता कोंडते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये. आधी अंग निववावे, मग पशुवैद्याकडे धाव घ्यावी, आणि वाटेतही वारा घालीत राहावे. मार्च ते जून मेहनत सूर्योदयापूर्वीच उरकावी.

खुराकाबद्दल मतभेद पुष्कळ. ज्वारीची भाकरी आणि दूध यांवर या भागात पिढ्या पोसल्या गेल्या हे खरे, पण दौडी काढणाऱ्या कुत्र्याला अंडी, मांस आणि थोडी चरबीही हवी; दमाचे इंधन त्याला पिठापेक्षा स्निग्धांशातून अधिक मिळते. भरल्या पोटी मात्र कधीही पळवू नये. अशा खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडून काही तासांत प्राण जाण्याचा धोका असतो. जेवण आणि मेहनत यांत तीन-चार तासांचे अंतर असावे. मुख्य जेवण संध्याकाळी, मेहनतीनंतर पुरेशी विश्रांती झाल्यावर द्यावे. पाहुणे येतात, शेवटच्या दोन बरगड्यांची पुसट रेघ आणि खुब्याची हाडे पाहून 'अहो, याला उपाशी ठेवता की काय?' म्हणून हळहळतात. त्यांना चहा द्यावा आणि कुत्र्याच्या ताटलीत त्यांच्या शब्दाखातर एक घासही वाढवू नये.

आश्विनात मेहनत पुन्हा सुरू करताना जेथे सोडली होती तेथून धरू नये. पावसाळ्यात महिनाभर बसलेल्या कुत्र्याचा दम बराचसा ओसरलेला असतो. पुन्हा वीस मिनिटांच्या चालीपासूनच आरंभ, आणि रोज परतल्यावर बोटांच्या बेचक्यांत काटा वा गोचीड आहे काय, हे दिव्याच्या उजेडात पाहून घेणे.