नेटवर्क हबसाठी सॉफ्टवेअर शोधताय?
साध्या हबला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही, कारण त्यात सेटिंग हा प्रकारच नसतो. एका पोर्टवर आलेला सिग्नल तो बाकी सगळ्या पोर्टवर जसाच्या तसा पाठवतो, बस्स. तसेही अस्सल हब आता भंगारातच सापडतात. दुकानदार ज्याला हब म्हणतो तो बहुतेक वेळा साधा स्विच असतो. त्यालाही वायर खोचली की झालं.

व्हीलॅन वगैरे हवं असेल तर मॅनेज्ड स्विच घ्या. बहुतेकांचं सेटिंग ब्राउझरमध्येच उघडतं. फक्त लॅपटॉपला त्याच रेंजमधला आयपी द्या: स्विच १९२.१६८.०.१ वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.०.१०, मास्क २५५.२५५.२५५.०. इथेच बरेच जण अडकतात! पन्नासेक स्विच सांभाळायचे असतील तर मात्र एसएनएमपीवर चालणारं सॉफ्टवेअर खरंच कामाला येतं.