समजून घ्या : जपानच्या डोंगरातला सेंद्रिय ग्रीन टी इतका कष्टाचा का?

रासायनिक खत बंद केलं म्हणून चहा लगेच सेंद्रिय ठरत नाही. जपानच्या 'जास' नियमांनुसार चहासारख्या बहुवर्षीय पिकासाठी तोडणीआधी किमान 3 वर्षं बंदी असलेली रसायनं टाळावी लागतात. तोवर पूर्ण 'सेंद्रिय' शिक्का नाही, म्हणजे त्या नावाचा पूर्ण वाढीव दरही सहसा नाही. छोट्या कुटुंबाची खरी परीक्षा इथेच होते.

मग खताचं काय? शिझुओका प्रांतात काकेगावाच्या टेकड्यांवर 'चागुसाबा' ही जुनी पद्धत आहे. शरद ऋतूत उतारावरचं गवत कापून चहाच्या ओळींमध्ये पसरतात. तण दबतं, ओल टिकते, गवत कुजून मातीत मिसळतं. 2013 मध्ये 'एफएओ'ने तिला जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. (असा प्रत्येक मळा सेंद्रिय असतोच असं नाही.)

अडचण यंत्राची. कागोशिमाच्या सपाट मळ्यांत चालक वर बसून तोडणी यंत्र चालवतो. तीव्र उतारावर ते चालत नाही. तिथे दोघं ओळीच्या दोन्ही बाजूंनी कटर धरून चालतात. घरातला एक माणूस थकला की तोडणीच अडते. 2024 मध्ये कच्च्या चहाच्या उत्पादनात कागोशिमाने शिझुओकाला पहिल्यांदाच मागे टाकलं.