दहा हजारांतले एक मूल

लस दिल्यावर बाळ आजारी पडले, की घरची मंडळी विचारतात, 'हे लसीमुळेच झाले ना?' प्रश्न रास्त आहे. पण 'लसीनंतर' आणि 'लसीमुळे' यांत अंतर आहे. ते कसे मोजतात, हे मी एका उदाहरणावरून सांगतो.

रोटाव्हायरसने तान्ह्या मुलांना जीवघेणे जुलाब होतात. त्यावरची 'रोटाशील' ही लस अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये मान्य झाली. त्याआधी सुमारे दहा हजार मुलांना ती देऊन पाहिली होती. काहींच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरला होता. पण हा विकार लस न घेतलेल्या बाळांनाही होतो. एवढ्या थोड्या घटनांवरून निष्कर्ष काढता येईना.

लस सर्रास सुरू झाल्यावर चित्र बदलले. तिथे लसीनंतरचा कोणताही त्रास डॉक्टर किंवा पालक कळवू शकतात. जुलै १९९९ पर्यंत अशा पंधरा बाळांच्या नोंदी जमल्या. लगेच लस थांबवायला सांगण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये ती बाजारातून गेली. मग लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांची तुलना झाली. पहिल्या डोसनंतर तीन ते चौदा दिवसांत हा विकार विशेष वाढलेला दिसला. धोका साधारण दहा हजारांत एकाला होता.

याची किंमतही मोठी होती. त्या काळात या विषाणूने जगात वर्षाला चार लाखांहून अधिक बालके दगावत, आणि नव्या लसी २००६ च्या सुमारास आल्या. मात्र त्यांची प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बालकांवर चाचणी झाली होती. आपल्याकडे २०१६ पासून सरकारी लसीकरणात आलेल्या 'रोटाव्हॅक'वरही अशीच नजर ठेवली गेली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचा या विकाराशी संबंध आढळला नाही.

मला वाटते, नोंद ठेवणे म्हणजे लसीवर अविश्वास नव्हे. विश्वास टिकतो तो नोंदींमुळेच. म्हणून लसीनंतर अर्धा तास केंद्रातच थांबा. रोटाव्हायरसच्या थेंबांनंतर बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून रडू लागले, वारंवार उलट्या झाल्या किंवा शौचातून रक्त पडले, तर तडक रुग्णालय गाठा. लस कधी दिली ते डॉक्टरांना सांगा, परिचारिकेला किंवा आशाताईंनाही कळवा. तुमच्या एका नोंदीने पुढची बाळे वाचू शकतात.